कर्व्हबॉल नक्की कुठे मोजायचा?

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमध्ये यंदापासून ‘रोबो पंच’ आले, हे वाक्य गेले काही महिने सारखं कानावर पडतंय. त्यात रोबो नाही, आणि पंचांची नोकरीही गेलेली नाही. होम प्लेटमागे, म्हणजे फलंदाजाशेजारी जमिनीत बसवलेल्या पाटीमागे, अजून माणूसच उभा असतो. न मारलेला चेंडू ठरलेल्या चौकटीतून गेला तर ‘स्ट्राइक’, बाहेरून गेला तर ‘बॉल’, आणि हे तोच ओरडून सांगतो. फरक इतकाच, की 2026च्या हंगामात प्रत्येक संघाला दोन वेळा त्याच्या निर्णयाला आव्हान देता येतं. चेंडू टाकणारा पिचर, प्लेटमागे बसून तो पकडणारा कॅचर किंवा फलंदाज म्हणजे बॅटर, या तिघांपैकीच कुणीतरी लगेच टोपीवर किंवा हेल्मेटवर टपली मारायची. बाकावरून प्रशिक्षकाने खुणा करायच्या नाहीत. आव्हान बरोबर ठरलं तर ते शिल्लक राहतं, चुकलं तर गेलं. क्रिकेटचा डीआरएस पाहिलेल्यांना हे ओळखीचं वाटेल, आणि कॅमेऱ्यांमागची यंत्रणाही तीच आहे: हॉक-आय.

पण डीआरएसची सवय इथे थोडी दिशाभूल करते. पायचीतच्या निर्णयात चेंडू पॅडवर आदळतो आणि तिथून पुढचा मार्ग यंत्र अंदाजाने काढतं. जे घडलंच नाही ते सांगायचं असल्यामुळे ‘अंपायर्स कॉल’ची पळवाट ठेवावी लागते. बेसबॉलमध्ये चेंडू प्लेटवरून खरोखरच गेलेला असतो. म्हणजे इथे भाकीत नाही, निव्वळ मोजमाप आहे. मैदानाभोवती 12 कॅमेरे असतात. प्रत्येक कॅमेऱ्याला चेंडू कोणत्या दिशेला आहे तेवढंच कळतं, किती लांब ते कळत नाही. दोन ठिकाणांहून दिशा मिळाल्या की रेषा जिथे भेटतात तिथे चेंडू. 12 रेषा एका बिंदूत नेमक्या कधीच भेटत नाहीत, म्हणून सगळ्यांच्या सर्वांत जवळचा बिंदू धरायचा. दोन चित्रांच्या मधल्या क्षणी चेंडू कुठे होता, ते त्याच्या वक्र मार्गावरून काढायचं. याला कुणी ‘एआयची जादू’ म्हणालं की मला हसू येतं. चित्रातला चेंडू ओळखायला संगणक हुशार लागतो हे खरं, पण गाभा शाळेतल्या त्रिकोणमितीचा आहे. सर्वेक्षणवाल्यांनी दोनशे वर्षांपूर्वी तिच्याच जोरावर भारत मोजायला घेतला होता.

खरी गंमत पुढे आहे. चेंडू कुठे होता हे समजलं, पण ‘झोन’, म्हणजे ती चौकट, कुठे आहे?

नियमपुस्तकातला स्ट्राइक झोन ही हवेतली एक घन आकृती आहे. होम प्लेट पाच बाजूंची, 17 इंच रुंद आणि पुढच्या कडेपासून मागच्या टोकापर्यंत तितकीच खोल. तिच्यावर बॅटरच्या गुडघ्याच्या वाटीखालपासून छातीच्या खालच्या भागापर्यंत एक अदृश्य खांब उभा आहे असं समजा. चेंडूचा कुठलाही भाग या खांबाला कुठेही शिवला की स्ट्राइक. कागदावर हे सुटसुटीत आहे. पण कर्व्हबॉल, म्हणजे फिरकीमुळे खाली वळणारा चेंडू, आडव्या रेषेत येत नाही.

कर्व्हबॉल साधारण ताशी 125 किलोमीटर वेगाने सुटतो आणि सुमारे अर्ध्या सेकंदात प्लेटवर येतो. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षण त्याला सेकंदाला जवळजवळ 5 मीटर इतका खाली जाणारा वेग देतं. त्यात पिचरने दिलेली फिरकी भर घालते: चेंडूचा वरचा भाग पुढे फिरत असल्याने मागे पडणारी हवा वर ढकलली जाते आणि प्रतिक्रिया म्हणून चेंडू खाली दाबला जातो. हाच मॅग्नस परिणाम. फास्टबॉल म्हणजे जोरात टाकलेला चेंडू. त्याची फिरकी उलटी, म्हणून तो जणू कमी खाली येतो. दोन्हींचा हिशेब केला तर प्लेटपाशी फास्टबॉल सुमारे 5 अंशांनी उतरत असतो आणि चांगला कर्व्हबॉल 9-10 अंशांनी.

आता 9.5 अंश घ्या. त्याचा टॅन्जंट 0.167. प्लेटची खोली 43 सेंटिमीटर. गुणाकार केला की 7 सेंटिमीटरांहून थोडं जास्त येतं, आणि बेसबॉलचा व्यास 7.4 सेंटिमीटर आहे. म्हणजे प्लेटच्या पुढच्या कडेपासून मागच्या टोकाला पोहोचेपर्यंत कर्व्हबॉल जवळजवळ स्वतःच्या व्यासाएवढा खाली येतो! पुढच्या कडेवर झोनच्या तळाला जेमतेम शिवलेला चेंडू मागे पूर्ण बाहेर असतो, आणि कॅचर तो जमिनीलगत पकडतो. 2019मध्ये मेजर लीगबाहेरच्या अटलांटिक लीगमध्ये रडारवर चालणारी पद्धत वापरून पाहिली, तेव्हा असे चेंडू स्ट्राइक ठरले. नियमाने ते बरोबरच होतं. पण बॅटरने मारणंच शक्य नाही असा चेंडू स्ट्राइक कसा, म्हणून खेळाडू आणि प्रेक्षक वैतागले.

म्हणून मेजर लीगने खांबच काढून टाकला. आताचा झोन म्हणजे प्लेटच्या बरोबर मध्यावर, पुढच्या कडेपासून साडेआठ इंचांवर, उभी केलेली एक काल्पनिक पातळ काच. चेंडूची कड या काचेला लागली तर स्ट्राइक, नाहीतर बॉल. पुढच्या कडेवर तळाला शिवणारा कर्व्हबॉल इथपर्यंत साडेतीन सेंटिमीटर उतरलेला असतो, त्यामुळे तो काचेखालून जातो आणि बॉल ठरतो. उलट बाजूलाही हेच घडतं. पुढच्या कडेवर झोनच्या वरून येणारा कर्व्हबॉल मध्यापर्यंत आत उतरू शकतो. ही जागा यंत्राने निवडलेली नाही, माणसांनी बैठकीत ठरवली आहे. यंत्र ‘चुकत नाही’ अशी श्रद्धा असणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. काच एक वीत पुढे सरकवली की त्याच मोजमापातून वेगळा निकाल निघतो.

काचेची उंचीही ठरवून दिलेली आहे: वरची कड बॅटरच्या उंचीच्या 53.5 टक्क्यांवर, खालची 27 टक्क्यांवर. नोंदीप्रमाणे 6 फूट 7 इंचांच्या अ‍ॅरन जज या खेळाडूसाठी काच 54 ते 107 सेंटिमीटरांवर येते, तर 5 फूट 6 इंचांच्या होसे अल्तुवेसाठी 45 ते 90 सेंटिमीटरांवर. बॅटर वाकून उभा राहिला तरी काच हलत नाही. म्हणून उंची बूट काढून मोजतात, तीही सकाळी 10 ते 12च्या दरम्यान. दिवसभर उभं राहिल्यावर मणक्यांमधल्या चकत्यांतलं पाणी कमी होतं आणि माणूस संध्याकाळपर्यंत सेंटिमीटरभर आखूड होतो. पूर्वी कार्यक्रमपत्रिकेत उंची फुगवून लिहायची हौस होती. आता तीच हौस झोनची वरची कड वर नेऊन बॅटरच्या अंगाशी आली असती.

चाहत्यांचे वाद मात्र काचेवर नाहीत, आव्हान कुणी द्यावं यावर आहेत. 2025च्या वसंत सराव सामन्यांत ही पद्धत आजमावली गेली, तेव्हा एकूण 52.2 टक्के आव्हानं यशस्वी ठरली: कॅचरची 56, बॅटरची 50 आणि पिचरची फक्त 41 टक्के. कारण सरळ आहे. चेंडू सोडल्यावर पिचर तोल सावरत 16-17 मीटर दूर असतो आणि त्याला हवा असतो स्ट्राइकच. कॅचर चेंडूच्या मार्गातच बसलेला असतो. त्यामुळे पिचरने टोपीला हात लावायचाच नाही अशी सक्ती संघांनी करावी, असं म्हणणारे बरेच आहेत. मीही त्यांच्यातच.