काठी, कुऱ्हाड आणि मनाई आदेश: शस्त्र बाळगण्यावरील स्थानिक निर्बंधांची पार्श्वभूमी

सणासुदीच्या किंवा निवडणुकीच्या आधी जिल्हादंडाधिकाऱ्यांचा मनाई आदेश निघतो, हे विदर्भातील वाचकांना नवे नाही. या आदेशामागे दोन निराळ्या कायद्यांच्या परंपरा आहेत. त्या एकमेकींना पूर्णपणे जुळत नाहीत आणि त्यांच्यातील फटीचा भार शेतीची अवजारे घेऊन रस्त्याने जाणाऱ्या माणसावर पडतो.

पहिली परंपरा शस्त्र कायद्याची. 1857 च्या उठावानंतर 1860 च्या कायद्याने लोकांना निःशस्त्र करण्याचे अधिकार सरकारने घेतले आणि 1878 च्या कायद्याने परवान्याशिवाय सशस्त्र फिरण्यावर सर्वसाधारण बंदी आली. त्या कायद्यातील शस्त्रांच्या व्याख्येत बंदुकीबरोबर तलवार, खंजीर आणि भाला तर होतेच, शिवाय धनुष्यबाणही होते. मेळघाटात आणि चांद्याच्या (आजच्या चंद्रपूरच्या) जंगलपट्टीत धनुष्यबाण ही रोजच्या वापरातील वस्तू होती, ही गोष्ट येथे विसरता येत नाही. लपवण्याच्या हेतूकडे हा कायदा अधिक कडक नजरेने पाहत असे. साध्या उल्लंघनाला तीन वर्षांपर्यंतचा कारावास होता, तर सरकारी नोकराला कळू नये अशा रीतीने केलेल्या उल्लंघनाला तो सात वर्षांपर्यंत जाई. 1927 मध्ये नागपुरात या कायद्याविरुद्ध सत्याग्रह झाला, तेव्हा सत्याग्रहींनी तलवारी उघडपणे हाती घेऊन रस्त्यावर येण्याचा मार्ग निवडला होता. वऱ्हाड नावापुरते निजामाचे राहिल्यामुळे तेथे ब्रिटिश हिंदुस्थानातील कायदे स्वतंत्र आदेशांनी लागू केले जात, एवढी नोंद पुरे.

स्वातंत्र्यानंतरचा 1959 चा शस्त्र अधिनियम 1962 मध्ये अंमलात आला आणि त्याने एक मूलगामी बदल केला, ज्याची चर्चा फारशी होत नाही. परवान्याची सक्ती देशभर उरली ती अग्निशस्त्रांपुरती. धारदार शस्त्रांच्या बाबतीत कलम 4 ने असे ठरवले की एखाद्या क्षेत्रातील परिस्थिती पाहून केंद्र सरकारने अधिसूचना काढली, तरच त्या क्षेत्रात अशी शस्त्रे जवळ ठेवण्यास किंवा बरोबर नेण्यास परवाना लागेल. तलवार, सुरा किंवा गुप्ती यांच्यावरील बंधन अशा प्रकारे स्थानिक स्वरूपाचे झाले. म्हणूनच ‘4/25’ म्हणून, म्हणजे याच अधिनियमाच्या कलम 4 आणि शिक्षेच्या कलम 25 खाली, नोंदल्या जाणाऱ्या गुन्ह्यांत, संबंधित क्षेत्राला आणि संबंधित वस्तूला अधिसूचना लागू होती का, हा प्रश्न बचाव पक्षाकडून हमखास विचारला जातो.

सर्वांत गुंतागुंतीचा भाग शस्त्राच्या व्याख्येचा आहे. केवळ घरगुती किंवा शेतीच्या उपयोगासाठी बनवलेल्या वस्तू शस्त्र नव्हेत असे हा अधिनियम सांगतो आणि उदाहरण म्हणून लाठीचा आणि चालण्याच्या साध्या काठीचा नामनिर्देश करतो. 1962 च्या नियमांनी मापही दिले. 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याची सुरी आणि तत्सम शस्त्रे अनुसूचीत आली, मात्र घरगुती, शेतकी, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारे वगळण्यात आली. काठीच्या पोटात पाते दडवलेली गुप्ती तलवारींच्या वर्गात नाव घेऊन समाविष्ट झाली, आणि ते योग्यच होते, कारण तिचा शेतीशी काहीही संबंध नाही. परंतु इळा, कुऱ्हाड आणि कोयता यांचे काय? गावच्या लोहाराने ठोकलेल्या कुऱ्हाडीचे पाते 2 इंचांहून रुंदच असते. ते शस्त्र ठरत नाही, ते केवळ घडवण्यामागील हेतूमुळे. वस्तू कशासाठी घडली हे येथे निर्णायक आहे, ती कोणाच्या हातात सापडली हे नव्हे. हा फरक पंचनामा लिहिताना किती वेळा लक्षात घेतला जातो, याविषयी शंका घेण्यास जागा आहे.

दुसरी परंपरा पोलीस कायद्याची. मध्य प्रांत आणि वऱ्हाडात 1861 चा पोलीस कायदा चालत होता. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि त्यानंतर 1951 चा मुंबई पोलीस अधिनियम, म्हणजे आजचा महाराष्ट्र पोलीस अधिनियम, येथे लागू झाला. जुन्या मुंबई राज्यात घडलेला हा कायदा विदर्भाला राज्य पुनर्रचनेबरोबर मिळाला. त्याच्या कलम 37(1) खाली शस्त्रे, सोटे, तलवारी, भाले, बंदुका, सुरे, काठ्या, लाठ्या आणि शारीरिक इजा करण्यास उपयोगी पडेल अशी कोणतीही वस्तू बरोबर नेण्यास मनाई करता येते. जी लाठी शस्त्र अधिनियमाने नाव घेऊन वगळली, तीच येथे नाव घेऊन आत आली. कलम 135 नुसार शिक्षा एक वर्षापर्यंत असून, लेखी कारणे नोंदवल्याशिवाय ती चार महिन्यांहून कमी करता येत नाही.

याच अधिनियमातील कलम 122 शी तुलना केल्यास कलम 37 मधील उणीव स्पष्ट होते. सूर्यास्त ते सूर्योदय या काळात घातक हत्यारासह आढळणाऱ्यावर त्या कलमाखाली कारवाई करायची, तर गुन्हा करण्याचा उद्देश दाखवावा लागतो. कृषिपंपांना रात्री वीज मिळते म्हणून ओलितासाठी निघालेला, किंवा रानडुकरांपासून आणि रोह्यांपासून (नीलगायींपासून) पीक राखण्यासाठी जागलीला जाणारा शेतकरी काठी-कुऱ्हाड घेतल्याशिवाय बाहेर पडत नाही, आणि उद्देशाची अट त्याचे संरक्षण करते. कलम 37 च्या आदेशाचा भंग झाला की मात्र उद्देशाचा प्रश्नच उरत नाही. सोयाबीनची सोंगणी, दुर्गोत्सव आणि दसरा विदर्भात जवळपास एकाच हंगामात येतात. मजुरांच्या हातात इळे असतात नेमक्या त्याच दिवसांत आदेशही लागू असतो. अशा मजुरांवर सरसकट गुन्हे नोंदवले जातात असे नाही. पण ते नोंदवायचे की नाही हे ठाण्यातील अधिकाऱ्याच्या समंजसपणावर सोपवलेले आहे, आणि कायद्याने हा प्रश्न असा मोकळा सोडायला नको होता.

मुदतीचा मुद्दाही दुर्लक्षित आहे. शासनाच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांहून अधिक नाही, ही मर्यादा कलम 37(3) मधील जमावबंदीला जोडलेली आहे, तर शस्त्रबंदीच्या पोटकलमात असा आकडा नाही. व्यवहारात दोन्ही आदेश एकत्रच आणि सहसा पंधरवड्यासाठी निघतात, आणि एक संपताच दुसरा काढता येतो.

अग्निशस्त्रांच्या बाजूने अलीकडचा बदल 2016 च्या नियमांचा आहे. परवानाधारकाने सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल योग्य आवरणात आणि पूर्ण झाकून न्यावे असे हे नियम सांगतात. ज्या झाकण्याला 1878 पासून अधिक कठोर शिक्षा होती, तेच परवानाधारकाचे कर्तव्य झाले, कारण शस्त्र मिरवून दहशत बसवण्याचे प्रकार रोखणे आता महत्त्वाचे ठरले होते. पीकसंरक्षणासाठी भरमार (नळीच्या तोंडातून बार भरायच्या) बंदुकीच्या परवान्याची तरतूद 1959 पासून आहेच, पण निवडणुकीच्या काळात परवान्याची शस्त्रे जमा करून घेतली जातात आणि त्या काळातही रानडुकरे शेतात येतच असतात.

आदेश जाहीररीत्या प्रसिद्ध झाला पाहिजे ही कलम 37 चीच अट आहे. एकेकाळी कोतवाल गावात दवंडी देत असे. आता आदेश प्रसिद्धीपत्रकातून, तहसील कार्यालयाच्या फलकावर आणि मोबाइलवरील संदेशांतून फिरतो. आदेशाची प्रत आणि तो प्रसिद्ध केल्याचा पुरावा अभिलेखावर नसेल, तर कलम 135 चा खटला न्यायालयात टिकणे कठीण होते. म्हणून कोणत्या गावात आदेश कसा कळवला याची लेखी नोंद ठेवणे आणि त्या आदेशातच शेतीच्या हंगामी अवजारांना स्पष्ट सूट देणे, या दोन्ही गोष्टी कायद्यात दुरुस्ती न करताही जिल्हा पातळीवर होऊ शकतात.