रूफस परतला, फ्लिन नाही: ‘टाइमलेस’च्या चाहत्यांच्या भांडणामागचा इतिहास

‘टाइमलेस’ ही काळात मागे जाणाऱ्यांची अमेरिकी मालिका 20 डिसेंबर 2018 रोजी संपली, पण तिच्या चाहत्यांमधले दोन तट काही मिटले नाहीत. इतिहासाची प्राध्यापक ल्यूसी प्रेस्टन शेवटी सैनिक वायट लोगनची झाली, हे योग्यच झालं असं एका बाजूचं म्हणणं. तिचं मन खरं जुळत होतं ते आधी शत्रू असलेल्या गार्सिया फ्लिनशी, आणि त्याला मारून लेखकांनी प्रश्नच निकालात काढला, असं दुसऱ्या बाजूचं. पहिल्यांनी आपल्या जोडीला ‘लायट’ म्हटलं, दुसऱ्यांनी ‘गार्सी’. बाहेरच्या माणसाला हा पोरखेळ वाटेल, मला तो वाटत नाही. भूतकाळ बदलता येत असेल तर कोणाचं माणूस परत आणायचं आणि कोणाचं नाही, हा त्यातला खरा वाद आहे. आणि तो एनबीसी या एकाच वाहिनीवर पन्नासहून अधिक वर्षं अधूनमधून रंगत आला आहे.

सुरुवात ‘स्टार ट्रेक’ या अंतराळप्रवासाच्या मालिकेपासून करावी लागते. 6 एप्रिल 1967 च्या एपिसोडमध्ये कॅप्टन कर्क 1930 च्या न्यूयॉर्कमध्ये पोचतो आणि मंदीत रस्त्यावर आलेल्यांना जेवू घालणाऱ्या इडिथ कीलरच्या प्रेमात पडतो. मग कळतं, की ती जगली तर तिच्या शांतता चळवळीमुळे अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उशिरा उतरेल आणि जर्मनी जिंकेल. इडिथला गाडीखालून वाचवायला धावलेल्या डॉक्टर मॅकॉयला कर्क स्वतःच धरून ठेवतो. हा शेवट प्रेक्षकांनी डोक्यावर घेतला. आजही त्या मालिकेतल्या सर्वोत्तम एपिसोडांत त्याचं नाव निघतं. निर्णय घेणाऱ्यानेच त्याची किंमत मोजली, म्हणून तो पटला, असं मला वाटतं.

त्याच मालिकेने चाहत्यांना त्यांची ताकदही दाखवून दिली. दुसऱ्या सीझननंतर ती बंद होणार अशी कुणकुण लागताच पत्रांचा ढीग पडू लागला, जानेवारी 1968 मध्ये विद्यार्थ्यांनी बरबँकच्या एनबीसी स्टुडिओवर मोर्चा नेला, आणि मार्चमध्ये मालिका चालू राहणार असल्याचं वाहिनीने थेट पडद्यावरूनच जाहीर केलं.

1989 मध्ये आलेल्या ‘क्वांटम लीप’ने वेगळी जखम दिली. सॅम बेकेट भूतकाळात जाऊन दुसऱ्यांच्या शरीरांत शिरून त्यांची आयुष्यं मार्गी लावतो, आणि त्याचा मित्र अल होलोग्राम होऊन सोबत करतो. अल व्हिएतनाममध्ये युद्धकैदी होता. तो मेला असं समजून बेथने, त्याच्या बायकोने, दुसरं लग्न केलं. 1990 मधल्या एका एपिसोडमध्ये अल सॅमच्या विनवण्या करतो, की बेथला सांग, मी जिवंत आहे. आपल्या फायद्यासाठी भूतकाळ बदलायचा नाही हा नियम आड येतो आणि सॅम नकार देतो. तिला दिसत नसतानाही अल तिच्यासोबत नाचतो, ते दृश्य पाहिलेला माणूस ते विसरत नाही. मग 5 मे 1993 च्या शेवटच्या एपिसोडमध्ये सॅम बेथकडे जातो आणि सांगून टाकतो. पुढे काळ्या पडद्यावर अक्षरं उमटतात: बेथने पुन्हा लग्न केलं नाही, तिला नि अलला चार मुली झाल्या. आणि त्यानंतर, सॅम बेकेट कधीच घरी परतला नाही. त्या पाटीवर त्याचं आडनावसुद्धा चुकीचं लिहिलं होतं. सॅमची बायको डॉना हिचं काय, हे कोणी सांगितलंच नाही. ही हळहळ कित्येक वर्षं टिकली, आणि पुढे अशी मालिका पाहणारा प्रत्येक जण शेवटाची धास्ती मनात ठेवूनच पाहू लागला.

‘टाइमलेस’ आली 3 ऑक्टोबर 2016 रोजी. एरिक क्रिपकी आणि शॉन रायन हे तिचे निर्माते. पहिल्याच एपिसोडमध्ये ल्यूसी, वायट आणि कालयानाचा चालक रूफस हे 1937 च्या हिंडेनबर्ग दुर्घटनेच्या दिवशी जातात. ल्यूसी परत येते तर तिची धाकटी बहीण एमी जन्मलेलीच नसते. वायटची बायको जेसिका 2012 मध्ये मारली गेली आहे. ज्याच्या मागे ते धावत असतात त्या फ्लिनची बायको आणि लहान मुलगी रिटनहाउस या गुप्त संघटनेने मारली आहेत. म्हणजे तिघांचंही दुःख एकाच जातीचं. पुढचं सगळं भांडण इथेच पेरलेलं आहे.

पहिल्या सीझनमध्ये वायट जेसिकाला परत आणायला 1983 मध्ये जातो. तिच्या मारेकऱ्याचा जन्मच होऊ द्यायचा नाही असा त्याचा बेत. त्यात एका निरपराध माणसाचा जीव जातो आणि जेसिका तरीही परत येत नाही. दुसऱ्या सीझनमध्ये 1941 च्या हॉलिवूडमध्ये ल्यूसी आणि वायट अखेर एकत्र येतात, आणि लगेच कळतं की बदललेल्या इतिहासात जेसिका जिवंत आहे. वायट तिच्याकडे जातो. सगळे लपून राहतात त्या बंकरमध्ये ल्यूसी एकटी पडते, आणि तिच्याशी खरं बोलणारा माणूस उरतो फ्लिन, जो आता त्यांच्याच बाजूने असतो. ‘गार्सी’ची पाळंमुळं त्या रात्रीच्या गप्पांत आहेत. त्या चाहत्यांनी हे नातं हवेतून काढलं असा आरोप होतो, तो अन्याय आहे. लेखकांनी ते पडद्यावर नीट रुजवलं होतं.

याच सीझनमध्ये अधिकारी डेनीस ख्रिस्तोफरची गोष्ट येते. ही भूमिका सकीना जाफरीची, मधुर आणि सईद जाफरी यांच्या मुलीची. 1981 मध्ये भारतीय वंशाची तरुण डेनीस आईच्या पसंतीच्या मुलाशी लग्न करायच्या बेतात असते. ल्यूसी आणि तिची सहकारी जिया तिला तिच्या भावी पत्नीचे आणि मुलांचे फोटो दाखवून थांबवतात. अशा रीतीने, एखाद्याचं प्रेम वाचवण्यासाठी काळात हात घालायला हरकत नाही, हे मालिकेनेच मान्य केलं.

मग 13 मे 2018 रोजी सीझनच्या शेवटी रूफस गोळी लागून मेला. 22 जूनला एनबीसीने मालिका बंद केली. आधी मे 2017 मध्येही ती रद्द झाली होती आणि अवघ्या तीन दिवसांत निर्णय फिरला होता, त्यामुळे ‘क्लॉकब्लॉकर्स’ म्हणवणारे चाहते गप्प बसणारे नव्हते. जुलैमध्ये सॅन डिएगो कॉमिक-कॉन या चाहत्यांच्या मोठ्या मेळाव्यावरच्या आकाशात त्यांनी मालिका वाचवा असा फलक हेलिकॉप्टरने फिरवला. महिनाअखेरीस दोन तासांच्या अंतिम भागाची घोषणा झाली.

अडचण या दोन तासांचीच होती. एका पूर्ण सीझनचं काम त्यात उरकायचं होतं. आपण स्वतः जिवंत असलेल्या काळात जायचं नाही, गेलं तर शरीर साथ सोडतं, असा या मालिकेतला नियम. जेसिका परतली नसती तर रूफस मेला नसता, हे ओळखून फ्लिन कोणाला न सांगता 2012 मध्ये जातो, जेसिकाला मारतो आणि तिथेच संपतो. रूफस परत येतो, ल्यूसी आणि वायट एकमेकांपाशी मन मोकळं करतात, आणि 2023 मध्ये त्यांना जुळ्या मुली झालेल्या दिसतात: फ्लिन आणि एमी.

‘लायट’च्या चाहत्यांना हा शेवट सुखाचा वाटला, आणि तो तसा आहेही. माझा आक्षेप फ्लिनच्या मरणाला नाही. कर्कसारखी त्यानेही आपल्या निर्णयाची किंमत स्वतः मोजली. आक्षेप आहे तो एमीबद्दल. रूफससाठी इतिहास मोडायची तयारी होती, तर पहिल्या एपिसोडपासून जिच्यासाठी ल्यूसी झुरत होती त्या बहिणीसाठी का नव्हती? मुलीला नाव देणं हे त्याचं उत्तर होत नाही. दुसऱ्या बाजूचा राग मला याच जागी पूर्ण पटतो. पात्रांचं मरण प्रेक्षक पचवतात, पण एकाला एक नियम आणि दुसऱ्याला दुसरा, हे त्यांना पचत नाही.

2022 मध्ये एनबीसीने ‘क्वांटम लीप’ नव्याने आणली, तेव्हा हा सगळा वारसा तिच्या पाठीशी होता. बेन साँग होणाऱ्या बायकोला, ॲडिसनला, वाचवायला काळात उडी घेतो. तिच्यासाठी मध्ये तीन वर्षं जातात, ती दुसऱ्या माणसात रमते, आणि बेनला वेगवेगळ्या दशकांत हॅना कार्सन भेटत राहते. फेब्रुवारी 2024 च्या शेवटच्या एपिसोडमध्ये बेन घरी येत नाही, पण ॲडिसन त्याच्यासोबत काळात निघते. 1993 च्या त्या पाटीला दिलेलं हे उत्तर मला आवडलं. एप्रिलमध्ये मालिका रद्द झाली, आणि ‘टाइमलेस’ला मिळाले तसे दोन तास या वेळी मिळाले नाहीत.