जाड फॉइलची ऑर्डर देण्याआधी

आम्ही कणत्वरकांसाठी (अ‍ॅक्सिलरेटर) कार्बनची अतिपातळ फॉइल देतो. आयनांचा झोत, म्हणजे बीम, तिच्यातून गेला की आयनांचे इलेक्ट्रॉन गळतात. ती काचेवर येते, पाण्यात सोडवून फ्रेमवर उचलायची असते; जाडी दर चौरस सेंटिमीटरला किती मायक्रोग्रॅम अशी सांगतात. महिन्याला दोन-चार फोन ठरलेले. "मागच्या वेळी 5 मायक्रोग्रॅमची नेली, पाण्यातच फाटली. आता 20 ची द्या, टिकेल तरी." मागितली की आम्ही देतो. मग काही दिवसांनी तोच ग्राहक म्हणतो, "बीम निम्मासुद्धा पोचत नाही, माल खराब दिसतोय." माल खराब नसतो. हे पत्रक त्या दुसऱ्या फोनसाठी.

मुंबईत टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आवारात 1988 पासून आहे तसं पेलेट्रॉन, म्हणजे उच्च व्होल्टेजवर चालणारा कणत्वरक, डोळ्यांसमोर आणा. फॉइल असते त्या टर्मिनलवर धन 10 दशलक्ष व्होल्ट आहेत आणि तुम्ही ऑक्सिजनचा ऋण आयन (एक इलेक्ट्रॉन जास्त असलेला अणू) सोडलाय, टर्मिनल त्याला ओढून घेतं. फॉइलशी येतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे 11,000 किलोमीटर. दर चौरस सेंटिमीटरला 5 मायक्रोग्रॅम कार्बन म्हणजे जेमतेम 25 नॅनोमीटर जाडी, अणूंचे शंभरेक थर. दोन-तीन फेम्टोसेकंदांत तो पार होतो, आणि तेवढ्यात त्याच्या नऊ इलेक्ट्रॉनांपैकी बहुधा सात गळालेले असतात. आतले दोन का राहतात? नील्स बोर यांचा ठोकताळा असा, की ज्या इलेक्ट्रॉनचा कक्षेतला वेग आयनाच्या वेगापेक्षा कमी, तो सुटतो. सगळ्यात आतले दोघे याहून वेगात फिरतात, म्हणून टिकून असतात. आयन 6+ झाला, म्हणजे त्याच्यावर सहा धन प्रभार आले, टर्मिनलने त्याला उलट ढकललं, खाली येईपर्यंत ऊर्जा 70 एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट).

आता फॉइल चौपट जाड केली तर आणखी गळतील? नाही. आयन इलेक्ट्रॉन नुसते टाकत नाही, वाटेतल्या कार्बनचे उचलतोही. पहिल्या काही मायक्रोग्रॅममध्येच टाकणं आणि उचलणं यांची बरोबरी होते. पुढचा सगळा कार्बन फक्त आयनाची दिशा विस्कटतो आणि ऊर्जा कमीजास्त करतो. विस्कटलेला बीम नळीच्या भिंतीवर जातो. तुमचा 'निम्मा' तिथे असतो. (याहून वेगवान किंवा जड आयनांना थोडी जाडी लागते, हे खरं. आयन आणि टर्मिनल व्होल्टेज कळवा, जाडी आम्ही सुचवू. त्याचे पैसे नाहीत.)

"मग फॉइलऐवजी गॅसच वापरतो, तो फाटत तरी नाही," असंही काही जण म्हणतात. खुशाल वापरा, पण 6+ कमी मिळतील. घन पदार्थात धडका इतक्या लागोपाठ बसतात, की वर उचकटलेला इलेक्ट्रॉन खाली बसायच्या आत पुढची धडक त्याला उडवते. घनातून बाहेर पडणाऱ्या आयनावर जास्त प्रभार असतो, हे कोपनहेगनचे भौतिकशास्त्रज्ञ लासेन यांनी 1951 मध्येच मोजून दाखवलंय.

आता मूळ दुखणं. फॉइल बीममध्ये नाही, तुमच्या हातात फाटते. काचेवरच्या कार्बनचे चौकोन कापताना ब्लेडची रेघ काचेच्या कडेपर्यंत न्या. अर्धवट राहिली की तिथूनच चीर जाते. पाणी डिस्टिल्ड, नळाचं नको. काच तिरकी धरून इतकी सावकाश बुडवा, की पाण्याची कड कार्बनखाली सरकताना दिसली पाहिजे. करडा चौकोन आपोआप सुटून तरंगतो. अडला तर ओढू नका, काच जरा वर घ्या, थांबा, पुन्हा सोडा. फ्रेम खालून आणा आणि एक कड टेकवून उचला. एका काचेला दहा मिनिटं लागतात. दोन मिनिटांत उरकणाऱ्याचेच फोन येतात.

"तुम्ही काचेवरच का देता, फ्रेमवर लावून का नाही?" कारण काचेवरची फॉइल कुरिअरचे धक्के सोसते, फ्रेमवरची सोसत नाही. तरीही तयार हव्या असतील तर आमचा माणूस स्वतः आणून देतो, थोडे जास्त पडतात. त्या आम्ही मुद्दाम सैल बसवतो. बीमखाली कार्बन आकसतो, ताणून बसवलेली फॉइल लवकर फाटते. सुरकुत्या पाहून परत पाठवू नका.

रिकाम्या फ्रेम मात्र जरूर परत पाठवा, पुढच्या बिलात वळत्या करून घेतो.