न मागता वाटला जाणारा प्रकाश

आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत एका सभासदाने सूचना मांडली की, लिफ्टप्रमाणेच जिन्यातल्या इंटरनेटच्या पेटीलाही जनरेटरची जोडणी द्यावी, म्हणजे वीज गेल्यावर घरोघरचे वायफाय बंद पडणार नाही. सूचना जवळजवळ संमतच झाली होती. प्रत्यक्षात त्या पेटीत विजेवर चालणारे काहीही नसते. वायफाय बंद पडते ते घरातल्या राउटरची वीज जाते म्हणून. जिन्यातल्या पेटीत असतो तो स्प्लिटर, म्हणजे काचेचा एक निर्जीव तुकडा. एका फायबरमधून आलेला प्रकाश बत्तीस घरांना वाटण्याचे काम तो वर्षानुवर्षे काहीही न खाता-पिता करत असतो.

वाटपाचे दुसरे साधन त्याच इमारतीच्या मीटरखोलीत असते, ते म्हणजे बसबार. तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या या जाड पट्ट्यांच्या नावातला ‘बस’ हा ‘सर्वांसाठी’ अशा अर्थाच्या ‘ऑम्निबस’ या लॅटिन शब्दाचा उरलेला तुकडा आहे. रस्त्यावरच्या बसचे मूळही तेच. बसबारवरून निघणाऱ्या प्रत्येक घराला साधारण 230 व्होल्टचा तोच दाब मिळतो, मात्र प्रवाह ज्याच्या-त्याच्या मागणीइतकाच जातो. दोन हजार वॉटचा गीझर लावणारा सुमारे नऊ अँपिअर ओढतो, तर कुलूप लावून गावी गेलेल्याच्या घराकडे काहीच जात नाही आणि त्याच्या वाट्याची वीज वायाही जात नाही.

स्प्लिटरचा न्याय नेमका उलटा आहे. तो मागणी पाहत नाही, केवळ स्वतःच्या आकारानुसार प्रकाश वाटून टाकतो. बंद घराच्या फायबरमध्येही बत्तिसावा हिस्सा जातो आणि टोकाला वाया जातो. हे वाटप मोजायला डेसिबल हे एकक सोयीचे पडते. आवाजाच्या संदर्भात ऐकलेले हे एकक मुळात केवळ गुणोत्तर सांगते, आणि शक्ती निम्मी होणे म्हणजे सुमारे 3 डेसिबलची घट. बत्तीस भाग करायला पाच वेळा निम्मे करावे लागते, म्हणजे 15 डेसिबल. प्रत्यक्षातल्या स्प्लिटरमध्ये ही घट 17च्या आसपास जाते. त्यात दहा किलोमीटर फायबरचे साडेतीन आणि जोडांचे दोन मिळवले, तर इंटरनेट कंपनीच्या केंद्रातून निघालेल्या दोन मिलिवॉट प्रकाशापैकी घरी जेमतेम अकरा मायक्रोवॉट पोहोचतो. दुरुस्तीला आलेला तंत्रज्ञ मीटर लावून ‘पॉवर उणे एकोणीस येतेय’ म्हणतो, ते एका मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबलमध्ये केलेले याचेच मोजमाप असते. आपल्याकडे बहुतेक घरांत असलेल्या जीपॉन या, स्प्लिटरने प्रकाश वाटणाऱ्या, फायबर पद्धतीचा एक नेहमीचा वर्ग एकूण 28 डेसिबलपर्यंतची घट, म्हणजे सहाशेतिसावा हिस्सा उरेपर्यंतची, सहन करतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. प्रकाश बत्तीस ठिकाणी वाटला म्हणजे वेगही बत्तिसाव्या हिश्श्यावर आला, असे होत नाही. सेकंदाला सुमारे अडीच अब्ज बिटांचा पूर्ण प्रवाह प्रत्येक घरी पोहोचतो, फक्त मंद होऊन. घरातले यंत्र त्यातला आपला मजकूर उचलते आणि बाकीचा सोडून देते. शेजाऱ्याचा मजकूर सांकेतिक रूपात असल्यामुळे तो वाचता येत नाही.

मला या साऱ्यात सर्वाधिक मोह पडतो तो उलट्या प्रवासाचा. घरातून केंद्राकडे जाणाऱ्या प्रकाशाला पुढे एकच वाट असते. बत्तीस ओढे एका नदीला मिळावेत तसा तो सगळाच्या सगळा पुढे जायला हवा, असे कोणालाही वाटेल. तरीही वर जाताना तेवढीच, बत्तिसावा हिस्सा उरेल इतकी घट होते. याचे कारण फायबरच्या गाभ्यात आहे. हा गाभा जेमतेम नऊ मायक्रॉन रुंद असतो आणि त्यात लहरीचा एकच आकार मावतो: मध्ये एक उंचवटा आणि कडांना उतार. आता स्प्लिटरमधला इंग्रजी ‘वाय’च्या आकाराचा एक सांधा डोळ्यांसमोर आणावा. त्याच्या दोन फांद्यांतल्या लहरी दोन प्रकारे एकत्र नांदू शकतात. दोन्ही एका तालात असतील तर ती सम जोडी, आणि एक वर असताना दुसरी खाली असेल तर ती विषम जोडी. फांद्या जवळ येतात तेव्हा सम जोडीचे दोन उंचवटे मिसळून एक होतात आणि गाभ्यात नीट बसतात. विषम जोडीच्या मध्यभागी मात्र शून्य असते, तो आकार गाभ्यात मावत नाही आणि बाहेरच्या काचेत सांडून जातो. आता एकाच, समजा डाव्या, फांदीतून आलेला प्रकाश म्हणजे काय? सम आणि विषम यांची सारख्या प्रमाणातली बेरीज! डावीकडे दोघे एकमेकांना बळ देतात, उजवीकडे एकमेकांना खोडतात. म्हणून त्यातला सम अर्धा पुढे जातो आणि विषम अर्धा सांडतो. पाच सांध्यांवर पाच वेळा हेच घडते. हा कारागिरीतला दोष नसल्यामुळे काच कितीही शुद्ध केली तरी तो जाणार नाही.

शिवाय बत्तीस घरे एकदम बोलू लागली तर केंद्राला काहीच उमगणार नाही. म्हणून कालव्याच्या पाण्याप्रमाणे येथेही पाळी ठरवून दिलेली असते. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे वीस किलोमीटरला शंभर मायक्रोसेकंद लागतात. केंद्र प्रत्येक घराचे हे अंतर मोजून त्याला बोलण्याचा नेमका क्षण कळवते. (‘प्रकाशाच्या वेगाने इंटरनेट’ अशी जाहिरात करणाऱ्यांना कोणीतरी सांगायला हवे की, हवेतली रेडिओ लहर काचेतल्या प्रकाशापेक्षा वेगवान असते. फायबरचे मोठेपण त्याच्या क्षमतेत आणि अत्यल्प घटीत आहे.)

एखाद्या घरातले यंत्र बिघडून पाळी नसताना सतत प्रकाश फेकू लागले, तर त्या स्प्लिटरवरची सगळी घरे ठप्प होतात. स्प्लिटर त्याला तोडू शकत नाही, कारण तोडण्यासाठी लागणारी अक्कल त्याच्यापाशी नाही. बसबारवरच्या एका शाखेत शॉर्ट सर्किट झाले तरी सर्वांचा दाब कोसळू शकतो, पण तेथे प्रत्येक शाखेला सर्किट ब्रेकर असतो. मोठ्या उपकेंद्रात तर बसबारमध्ये येणाऱ्या आणि त्यातून जाणाऱ्या प्रवाहांची बेरीज अखंड तपासली जाते; हिशेब जुळला नाही, तर बसबारवरच बिघाड आहे असे मानून त्याला जोडलेले सगळे ब्रेकर एका क्षणात उघडतात. 400 किलोव्होल्टच्या उपकेंद्रांत बहुधा दोन बसबार आणि दर दोन वाहिन्यांमागे तीन ब्रेकर अशी ‘दीड ब्रेकर’ रचना असते, त्यामुळे एक बसबार गमावूनही वाहिन्या चालू राहतात.

प्रकाशाच्या बाबतीत ही दुसरी वाट स्प्लिटरच्या वरच्या अंगालाच देता येते: एकाऐवजी दोन प्रवेश असलेला स्प्लिटर घ्यायचा आणि दोन वेगळ्या मार्गांनी फायबर आणायचे. ग्रामपंचायतींना जोडण्यासाठी 2011 साली मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट या नावाने ओळखल्या गेलेल्या योजनेच्या पहिल्या टप्प्यात तालुक्याकडून गावाकडे सरळ रेषेत फायबर टाकून स्प्लिटर बसवले गेले. रस्ता रुंदीकरणातल्या जेसीबीचा एक घाव पुढच्या सगळ्या गावांना पुरत असे. ऑगस्ट 2023 मध्ये मंजूर झालेल्या सुधारित योजनेत म्हणूनच रिंग, म्हणजे वर्तुळाकार मांडणी स्वीकारली आहे; एका बाजूने तुटले तर वाहतूक दुसऱ्या बाजूने फिरते.

आमच्या सभेत जनरेटरची सूचना मागे घेतली गेली. त्याऐवजी प्रत्येकाने घरातल्या राउटरला छोटा यूपीएस लावावा असे ठरले, आणि उंदीर शिरू नयेत म्हणून पेटीचे झाकण नीट बंद करण्याचा खर्च मंजूर झाला.