पैसा किती आला आणि किती घरांत आला

मार्च २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या मासिक पत्रिकेतले आकडे बातम्यांत झळकले. २०२३-२४ मध्ये परदेशस्थ भारतीयांनी देशात ११८.७ अब्ज डॉलर पाठवले. त्यातला २०.५ टक्के पैसा महाराष्ट्रात आला, १९.७ टक्के केरळात. लगेच आमच्या ग्रुपवर कुणीतरी निष्कर्ष काढून मोकळं झालं: ‘म्हणजे केरळपेक्षा आपल्याकडच्या जास्त घरांतली माणसं परदेशात आहेत.’

नाही. हा आकडा पैशाचा आहे, घरांचा नाही. तो बँकांना विचारून काढलेला आहे. कुठल्या देशातून किती आले, कुठल्या राज्यात गेले, एका वेळी केवढी रक्कम आली, एवढं बँक सांगू शकते. त्या पैशावर किती चुली पेटतात हे तिला ठाऊक नसतं. त्यासाठी दारोदार जाऊन विचारावं लागतं.

दोन्हींत फरक किती पडू शकतो हे त्याच पाहणीत दिसतं. पाच लाखांहून मोठे व्यवहार संख्येने जेमतेम १.४ टक्के, पण एकूण रकमेतला २८.६ टक्के वाटा त्यांचा. उलट ४०.६ टक्के व्यवहार साडेसोळा हजारांच्या आतले.

दोन घरं डोळ्यांसमोर आणा. दापोलीकडच्या एका वाडीत महिन्याच्या दहा तारखेच्या सुमारास फोनवर मेसेज येतो, कुवेतहून नवऱ्याने पाठवलेले सोळा हजार जमा झाल्याचा. संध्याकाळपर्यंत त्यातून किराण्याची उधारी, पोरांच्या रिक्षाचे पैसे आणि सासूची औषधं भागलेली असतात. दुसरं घर कोथरूडमधलं. मुलगा अमेरिकेत. त्याने फ्लॅटच्या हप्त्यासाठी एकदाच आठ लाख पाठवले. काकांना विचारा, ‘परदेशातून पैसे येतात का?’ काका म्हणणार, ‘छे हो, आमचं पेन्शनवर छान चाललंय.’ आणि ते खोटं बोलत नसतात. बँकेच्या हिशेबात मात्र कोथरूडचा हा एक व्यवहार दापोलीच्या पन्नास महिन्यांएवढा.

केरळात दोन्ही आकडे शेजारी शेजारी मिळतात, कारण तिथे १९९८ पासून काही वर्षांच्या अंतराने स्थलांतराची घरोघर पाहणी होते. (आपल्याकडे अशी सवय लागली असती तर बरं झालं असतं.) २०२३ च्या पाहणीत केरळात आलेली एकूण रक्कम २,१६,८९३ कोटी रुपये धरली आहे. कुटुंबांच्या हातात पडलेली रक्कम मात्र ४३,३७८ कोटी, म्हणजे साधारण पाचवा हिस्सा. बाकीच्या पैशाला ठेवी, जागा, धंदा अशा वाटा फुटतात. शिवाय अनिवासी भारतीयांच्या रुपयातल्या खात्यातून इथे काढलेले पैसेही देशाच्या हिशेबात ‘आलेला पैसा’ म्हणूनच मोजले जातात, मग ते आईच्या हातात पडोत की बिल्डरच्या.

घरांचे उत्पन्नाप्रमाणे गट पाडले की गोंधळ आणखी वाढतो. एक काल्पनिक गाव घेऊ. शंभर घरं, ऐंशी गरीब, वीस सधन. परदेशातून पैसा येतो आठ गरीब आणि सहा सधन घरांत. आता एक जण म्हणेल, गरिबांत दहा टक्के घरांना येतो, सधनांत तीस टक्के. हा श्रीमंतांचाच खेळ. दुसरा म्हणेल, पैसा मिळणाऱ्या चौदांपैकी आठ घरं, म्हणजे निम्म्याहून जास्त, गरीब. दोघंही बरोबर. पहिल्याने गटातली सगळी घरं खाली धरून भागाकार केला, दुसऱ्याने फक्त पैसा मिळणारी. टक्केवारी दिसली की ‘कशाच्या टक्के?’ हे आधी विचारायचं, तक्ता मग वाचायचा.

याहून चकवणारी गोष्ट म्हणजे घराचा गट ठरवला कधी? दापोलीच्या त्या घराचं भातशेतीचं आणि आंब्याच्या दिवसांतल्या मजुरीचं उत्पन्न महिन्याला सरासरी सात हजार धरा. कुवेतचे सोळा मिळवले की तेवीस. सात धरले तर ते घर तळाला, तेवीस धरले तर दोन पायऱ्या वर. पैसा मिळवून गट पाडले, तर ‘वरच्या घरांनाच परदेशातून पैसा येतो’ असं दिसणारच. तो पैसा आला म्हणूनच तर ती वर गेली. उत्पन्नाऐवजी घरातल्या वस्तू मोजल्या तरी सुटका नाही, कारण चिऱ्याचं घर आणि फ्रिज दोन्ही त्याच पैशातून आलेले. आता हेही खरं, की एजंटचे पैसे, व्हिसा, तिकीट जुळवायलाच जवळ काहीतरी लागतं. अगदी तळातला माणूस आखातात पोचण्याआधी सावकाराकडे पोचतो. त्यामुळे दोन्ही बाजूंनी ओढ असते, आणि जाण्यापूर्वीची परिस्थिती विचारली नसेल तर नुसत्या तक्त्यावरून या दोन ओढी सुट्या करता येत नाहीत.

कोकणात तर प्रश्नाच्या शब्दांपासूनच जपावं लागतं. मुंबईच्या चाकरमान्यांच्या मनीऑर्डरींवर इथल्या पिढ्या जगल्या. तिथे नुसतं ‘बाहेरून पैसे येतात का?’ विचारलंत, तर कुवेतच्या नवऱ्याबरोबर नालासोपाऱ्याचा दीरही मोजला जाईल.