रेघेची मिती १.२ कशी असते?

फ्रॅक्टल, म्हणजे कितीही जवळून पाहिलं तरी तसाच वेडावाकडा दिसणारा आकार, म्हटलं की रंगीबेरंगी नक्ष्या समोर येतात आणि पाठोपाठ 'विश्वाची गुप्त भाषा' असले दावेही. त्या दाव्यांना काडीचा आधार नाही. फ्रॅक्टल मिती ही मोजायची राशी आहे; आकार किती वेडावाकडा आहे ते ती सांगते. ती मोजताना काय काय सांभाळावं लागतं, हे चुंबकीय थरांवर फार छान दिसतं.

जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये कोबाल्टच्या मिश्रधातूचा पातळ थर असतो आणि त्याचं चुंबकन (चुंबकत्वाची दिशा) थराच्या पातळीतच, आडवं असतं. शेजारच्या दोन बिटांची चुंबकनं समोरासमोर आली की सीमेवर एकाच जातीचे ध्रुव दाटतात. ते एकमेकांना दूर ढकलतात, म्हणून सीमा सरळ न राहता करवतीच्या दात्यांसारखी वेडीवाकडी होते. हा वाकडेपणा माहिती वाचताना गोंगाट वाढवतो. तो एका आकड्यात सांगता आला तर दोन थरांची तुलना करता येते.

मॅग्नेटिक फोर्स मायक्रोस्कोप थरावरून बारीक चुंबकीय सुई फिरवून चित्र काढतो, त्यात ही सीमा दिसते. चित्रावर चौकटींची जाळी टाकायची आणि सीमा किती चौकटींतून जाते ते मोजायचं. मग चौकटीची बाजू निम्मी करून पुन्हा मोजायचं. सरळ रेघ असेल तर चौकटी दुप्पट होतात, म्हणजे मिती १. भरीव डाग असेल तर चौपट, म्हणजे मिती २. आपल्या सीमेच्या चौकटी सुमारे २.३ पट झाल्या, तर २ चा कितवा घात २.३ येतो? जवळपास १.२. हीच मिती! प्रत्यक्षात अनेक आकारांच्या चौकटी घेतात, चौकटींच्या संख्येचा लॉग आणि बाजूच्या व्यस्ताचा लॉग यांचा आलेख काढतात आणि त्याचा चढ मोजतात.

आता खरी गंमत. समजा चित्र १० मायक्रॉन रुंद आणि ५१२ पिक्सेलचं आहे. एक पिक्सेल साधारण २० नॅनोमीटरचा झाला. पण सुईचं टोक, समजा, ४ पिक्सेलहून बारीक तपशील पुसून टाकतं, म्हणून त्याखाली चढ १ कडे झुकतो. दुसऱ्या टोकाला, दात्यांच्या उंचीहून बऱ्याच मोठ्या चौकटींना वाकडेपणा दिसतच नाही, तिथेही चढ १. भरवशाचा उरतो तो मधला तुकडा. अगदी १२८ पिक्सेलपर्यंत जरी तो टिकला, तरी हे फक्त ३२ पटींचं अंतर आहे, लॉगच्या मापात दीड दशक (एक दशक म्हणजे दहा पट). एवढ्याशा आलेखावर जवळपास कोणतीही वक्ररेषा सरळ भासू शकते.

त्यात काळं-पांढरं वेगळं करण्याची उंबरठा-किंमत थोडी हलवली की गोंगाटाचे सुटे ठिपके सीमेत मिसळतात आणि मिती बदलते. शिवाय ही सुई चुंबकन पाहतच नाही. थराबाहेर सांडणाऱ्या चुंबकीय क्षेत्रातला बदल ती टिपते, म्हणून ती थरापासून वर उचलली की तीच सीमा अधिक गुळगुळीत दिसते.

म्हणूनच 'मिती १.२' एवढंच लिहिलेला निकाल मी अर्धवट मानतो. कोणत्या मापापासून कोणत्या मापापर्यंत, सुई किती उंचीवर, उंबरठा कितीचा, हे सोबत हवं. दोन थरांची तुलना करायची तर या सगळ्या गोष्टी दोन्हीकडे सारख्याच ठेवायला हव्यात.