उमेदवारी अर्जातला कोरा रकाना

नगरसेवक व्हायला काय लागते, असे पुण्यात कोणालाही विचारले, तर उत्तरात प्रभाग, जात आणि तिकीट यांचीच गणिते ऐकू येतात. कायद्याची अपेक्षा मात्र माफक आहे. वयाची २१ वर्षे पूर्ण असावीत आणि शहराच्या मतदार यादीत नाव असावे. हरियाणाने पंचायत निवडणुकांसाठी घातलेली शिक्षणाची अट सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१५ रोजी वैध ठरवली, पण पुणे महापालिकेला तशी अट नाही. अपात्रतेची यादी त्यामानाने बारकाईने लिहिलेली आहे : १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झाले, तर पद जाते.

लैंगिक कल या यादीत कधीच नव्हता. मात्र २००९ ते २०१३ हा काळ सोडला, तर ६ सप्टेंबर २०१८ पर्यंत भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ नुसार प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंधही गुन्हाच होते, त्यामुळे उघडपणे उभे राहण्याची हिंमत कोण करणार? पुण्यात समपथिक ट्रस्ट समलिंगींसाठी २००२ पासून काम करत होता आणि त्यांची पहिली अभिमान पदयात्रा २०११ मध्ये निघाली, तीही हे कलम पूर्ण लागू नसले तरी त्यावरचा वाद न्यायालयात चालू असतानाच.

तृतीयपंथी उमेदवारांपुढे खरा पेच उभा राहिला तो आरक्षणामुळे. ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांत महिलांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, महाराष्ट्राने २०११ मध्ये ते प्रमाण वाढवून एकूण जागांच्या निम्मे केले आणि २०१७ मध्ये पुण्यातील १६२ पैकी ८१ जागा महिलांच्या होत्या. परंतु 'महिला' कोण, हे ठरवायचे कोणी? मध्य प्रदेशातील कटनीत महिलांसाठी राखीव महापौरपदावर निवडून आलेल्या तृतीयपंथी कमला जान यांची निवड न्यायालयाने त्यांना पुरुष मानून रद्द केली. जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुकमध्ये नेमके उलटे घडले. तेथील ग्रामपंचायतीच्या महिला राखीव जागेवर अर्ज भरलेल्या तृतीयपंथी उमेदवाराचा अर्ज छाननीत बाद झाला, जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो स्वीकारायला लावला आणि त्या उमेदवार निवडूनही आल्या. या निकालामागे तृतीयपंथीयांना आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क देणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या नालसा निवाड्याचे बळ होते.

समलिंगी उमेदवाराची अडचण निराळी आहे आणि माझ्या मते अधिक अवघड, कारण त्याच्यासाठी अर्जात वाद घालायलाही जागा नाही. शपथपत्रात पती किंवा पत्नीची मालमत्ता लिहावी लागते. समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नकार दिल्यामुळे, कोथरूडच्या एखाद्या फ्लॅटमध्ये वीस वर्षे संसार केलेल्या उमेदवाराला तेथे 'लागू नाही' असेच लिहावे लागेल.